मिलिंदला पत्र: पाणी कुणाचं, पाळी कुणाची

प्रिय मिलिंद,

परवा फोनवर विषय अर्धवटच राहिला, तुझी मीटिंग सुरू झाली आणि इकडे आमची लाइट गेली, पण डोक्यातून काही जाईना म्हणून म्हटलं सरळ लिहूनच काढू. तू म्हणालास की स्टुटगार्टमध्ये सगळं वेळेवर, स्वच्छ, नियमात, सभ्यता म्हणावी तर हीच, पण संस्कृती म्हणशील तर ती आपल्याकडेच, आणि सई तिकडे वाढतेय तर सभ्यता तिला आपोआप मिळेल पण संस्कृती कशी द्यायची याची तुला आणि वहिनींना काळजी लागून राहिलीय. काळजी खरी आहे रे, मुलांच्या बाबतीत ती असणारच. पण ही जी वाटणी तू करून टाकलीस ना, सभ्यता त्यांची आणि संस्कृती आपली, ती मला अजिबात पटलेली नाही आणि तू जवळचा आहेस म्हणून जरा सविस्तर भांडतो.

मी हा फरक पाण्यावरून लावतो. गावात धरणाचं पाणी आणणं, पाइपलाइन टाकणं, टाकी बांधणं, सांडपाण्याला गटार काढणं, मोजमापं, कायदे, कोर्ट हे सगळं सभ्यतेच्या खात्यातलं. ते शिकता येतं, दुसऱ्याकडून आणता येतं, टेंडर काढून पाच वर्षांत उभं करता येतं. पण त्या नळावर आधी कोण भरणार, कुणाच्या हंड्याला हंडा लागला तर चालतं आणि कुणाचा लागला तर भांडण होतं, दुष्काळात कोण कुणासाठी थांबतं, हंडा डोक्यावर घरातलं कोण वाहतं, ही संस्कृती. तिचं टेंडर निघत नाही. आणि ती चांगलीच असते असंही नाही, हे आपण बोलताना कायम विसरतो. संस्कृती म्हटलं की आपल्याला रांगोळी, अभंग आणि पुरणपोळीच आठवते.

मोहेंजोदडोचंच बघ ना. तिथे सुमारे 700 विहिरी असाव्यात असा अंदाज आहे, घराघरात न्हाणीघर, न्हाणीतून निघालेलं पाणी विटांच्या झाकलेल्या गटारात, विटा पण सगळीकडे एकाच मापाच्या म्हणजे 1:2:4, वजनं ठरलेली. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी! आजही आपल्या कित्येक तालुक्याच्या गावांत उघडी गटारं आहेत. पण ही माणसं एकमेकांशी काय बोलायची, कुठल्या देवाला हात जोडायची, लग्नात काय गायची, यातलं आपल्याला जवळपास काही माहीत नाही कारण त्यांची लिपीच अजून वाचता आलेली नाही. म्हणजे सांगाडा सगळा मिळाला, माणूस नाही मिळाला.

आणि त्याच्या उलट आपलं इनामगाव, शिरूरजवळ, घोड नदीच्या काठचं. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 तिथे खोदकाम केलं. शहर वगैरे काही नाही, कुडाच्या भिंतींची मातीची घरं, लिपी नाही, पक्क्या विटा नाहीत, तांबं पण जेमतेम (पाणी अडवायला बांध आणि पाट मात्र त्यांनीही काढला होता हं, साधारण तीन हजार वर्षांपूर्वी). पण त्यांच्या मनातलं थोडंफार कळतं. घरात लहान मूल गेलं तर त्याला ते बाहेर नेऊन पुरत नसत, दोन मातीचे रांजण आडवे तोंडाला तोंड लावून ठेवायचे, बाळ त्याच्या आत, आणि ते राहत्या घराच्याच जमिनीखाली, म्हणजे आई जिथे स्वयंपाक करते, झोपते, तिथेच. मोठ्या माणसांना पुरताना बऱ्याचदा घोट्याखाली पाय तोडलेले सापडतात, कदाचित मेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये म्हणून. ते दोन रांजण म्युझियममध्ये बघितले की मला तरी त्या विटांपेक्षा जास्त ओळखीचं वाटतं. तेव्हा ज्याच्याकडे सभ्यता कमी त्याच्याकडे संस्कृती कमी असं काही गणित नाही, आणि उलटंही नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयावर येतो. तुला मामाचं गाव आठवतं ना, साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं? दहावीच्या सुट्टीत तू आलेलास, आपण बंधाऱ्यावर डुंबायचो. तो नुसता बंधारा नव्हता रे, ती फड पद्धत होती, धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर किमान 300 वर्षं चालत आलेली. नदीत ठराविक अंतरावर दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट निघायचा, पाटाखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, एका फडात ऊस तर दुसऱ्यात गहू-हरभरा असं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची आणि खरी गंमत इथेच आहे, कारण पाऊस कमी झाला, नदीला पाणी नाही, तर पंच बसून ठरवायचे की यंदा अमुक फड कोरडा ठेवायचा. तो फड कोरडा राहिला की सगळ्यांचंच थोडं थोडं नुकसान, एकट्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याचं वाटोळं नाही!

पाणी द्यायला पाटकरी असायचा, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि यांचा मोबदला पिकातून. शेतकऱ्याने स्वतः जाऊन दारं, म्हणजे पाटातून वावरात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही हा नियम. मामा सांगायचा, एका वर्षी उन्हाळ्यात त्याचा ऊस पार माना टाकून उभा होता, त्याचा सख्खा साडू पंचांत होता, आणि पाट शेताच्या बांधाला लागून वाहत होता, एक फावडं मारलं असतं तर पाणी आत आलं असतं. रात्री हा बांधावर जाऊन बसला. पाटकरी शेजारच्या वावरात दारं धरून उभा, हातात कंदील, सरीच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत ओल पोचली का ते पायाने चाचपून बघत होता, मग चिखल आणि पालापाचोळा दाबून ते दारं बंद केलं, पुढचं फोडलं, आणि पुढचं मामाचं नव्हतं, आणखी दोघांचं होतं. मामा म्हणायचा, "मी त्याला राम राम घातला आन् घरी येऊन झोपलो." बास एवढीच गोष्ट. कुणी पोलीस नव्हता, मीटर नव्हतं, पाटावर कॅमेरा नव्हता. दगडाचा बंधारा ही सभ्यता आणि फावडं हातात असून न मारणं ही संस्कृती, आणि या दोन्हीपैकी एक जरी नसतं तरी तो पाट आठ दिवस चालला नसता असं मला अगदी मनापासून वाटतं.

अर्थात ज्याला फडात जमीनच नव्हती त्याला कसली पाळी आणि कसला पंच, हेही खरंच. गावातली अर्धी माणसं त्या सुंदर व्यवस्थेच्या बाहेरच होती. हे मी मामाला विचारलेलं तर तो बराच वेळ गप्प बसलेला, मग म्हणाला त्यांना मजुरी मिळायची की.

पुढे काय झालं तुला माहितीच आहे. विहिरींवर मोटारी बसल्या, बोअर झाले, वरच्या अंगाला धरणं झाली, कालव्याचं पाणी अर्ज करून मिळायला लागलं, आणि पाण्यासाठी शेजाऱ्याशी जमवून घ्यायची गरजच उरली नाही. सिमेंट वाढलं, पंप वाढले, लाइट आली, पण पाळी मोडली. बंधारे बरेचसे आहेत अजून जागेवर. बंधारा दुरुस्त करायला निधी मिळतो, पाळी दुरुस्त करायला कुठून मिळणार?

आता तुझ्या स्टुटगार्टकडे. तूच मागे वैतागून सांगत होतास की बिल्डिंगमध्ये केरवोखं असते, आठवड्याची पाळी आली की दारावर ती पाटी लटकते आणि मग जिना, पॅसेज, समोरचा रस्ता झाडायचा, तुझी पाळी झाली की पाटी शेजारच्या आजींच्या दारावर. नियमात लिहिलेलं असेल, ते ठीक आहे. पण ती प्रथा 15व्या शतकातल्या वुर्टेम्बर्गपासून, म्हणजे तुमच्या स्टुटगार्टच्या जुन्या राज्यापासून, चालत आलीय, आणि कचऱ्याची गाडी, झाडूवाले, मशीन सगळं असताना एक निवृत्त इंजिनिअर आणि एक डॉक्टरीणबाई पाळीने जिना पुसतात हे काय नुसत्या सभ्यतेत बसतं का? ही तर अस्सल संस्कृती आहे, स्वतःचा कचरा स्वतः उचलण्यात कमीपणा नाही हे पिढ्यानपिढ्या अंगात मुरलेलं आहे! मला तर ती पाटी ऐकल्यावर आमचा पाटकरीच आठवला. आणि तू म्हणतोस त्यांच्याकडे संस्कृती नाही.

शिवाय "संस्कृती आमची, त्यांची नुसती सभ्यता" हे वाक्य तुझ्या आधी जर्मनांनीच लय जोरात म्हटलेलं आहे, हे तुला माहिती असायला हवं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिथल्या मोठमोठ्या लोकांची हीच भाषा होती, आमची संस्कृती खोल, आत्म्याची, आणि फ्रेंच-इंग्रजांचं नुसतं वरवरचं, यंत्रांचं, बाजाराचं. ऑगस्ट 1914 मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या लुव्हेनच्या विद्यापीठाची लायब्ररी जाळली, दोन लाखांहून जास्त पुस्तकं गेली, जुनी हस्तलिखितं गेली. आणि ऑक्टोबरमध्ये 93 जर्मन विद्वानांनी सांस्कृतिक जगाला उद्देशून पत्रक काढलं की लुव्हेनमध्ये आमच्या सैन्याने क्रूरपणा केलेलाच नाही. सही करणाऱ्यांत भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक होता. एवढा मोठा माणूस! मला हे वाचल्यावर भीती वाटली ती याचीच, की आपली संस्कृती थोर आहे असं एकदा मनात पक्कं बसलं की समोर जळणारी पुस्तकं पण दिसत नाहीत.

आपल्याला काय दिसलं नाही ते महाडात बघ. तुला हे आधी शाळेत दोन ओळीत शिकवलेलं, मलाही, पण तारखा एकामागोमाग लावून वाच म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. 1923 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने ठराव केला की चवदार तळं सर्वांना खुलं. म्हणजे सभ्यतेच्या बाजूने काम पूर्ण! तळं बांधलेलं आहे, पायऱ्या आहेत, पाणी आहे, कौन्सिल आहे, नगरपालिका आहे, ठराव कागदावर आहे. आणि तरी तीन वर्षं एकाही अस्पृश्य माणसाची तिथे ओंजळ भरायची हिंमत झाली नाही, कारण गावाची संस्कृती त्या कागदापेक्षा ताकदवान होती. गुरं पाणी प्यायची त्या तळ्यावर, मुसलमान प्यायचे, ख्रिश्चन प्यायचे. फक्त ही माणसं नाही.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडात भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतून हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्या घेऊन हल्ला झाला, जेवत असलेल्या लोकांना मारलं. नंतर तळं शुद्ध केलं म्हणे, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून. मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा अंगावर येतं, कारण ते ओतणारे लोक गुंड नव्हते रे, घरी देवपूजा करणारे, सणवार पाळणारे, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणारे लोक असणार. त्यांच्या दृष्टीने ते संस्कृतीच वाचवत होते. पुढे नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद, कोर्टाचा मनाई हुकूम, म्हणून तळ्यावर न जाता 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ठराव मांडला गं. नी. सहस्रबुद्धे यांनी, स्वतः ब्राह्मण. त्या परिषदेच्या भाषणात बाबासाहेबांनी दाखला कुठला दिला, तर 1789 च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेचा! कोकणातल्या एका छोट्या गावातल्या मांडवात. आता सांग समता ही कुणाची संस्कृती, त्यांची का आपली? ज्याने मनापासून घेतली त्याची.

त्याच परिषदेतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते आणि ती फारशी कुणी सांगत नाही. बाबासाहेबांनी तिथे बायकांपुढे वेगळं भाषण केलं, की लुगडं गुडघ्यापर्यंत नेसून, अंगावर ते जड दागिने घालून तुमची जात लांबून ओळखू येते, ते सोडा, पायघोळ नेसा. आणि त्या बायकांनी घरी जाऊन विचार करू वगैरे केलं नाही, तिथेच नेसण बदलली, टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातल्या बायकांनी त्यांना निऱ्या घालायला मदत केली. विचार कर, शेकडो वर्षांची रीत आणि ती एका मुक्कामात, एकमेकींच्या हाताने, कमरेला निऱ्या खोचून बदलली. (हे टिपणीस म्हणजे महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, ते सुरुवातीपासून सोबत होते.) आणि कोर्टाचा निकाल कधी लागला? मुंबई हायकोर्टाचा, 17 मार्च 1937. दहा वर्षांनी.

म्हणून मी म्हणतो की कायदा पाहिजेच, नळ पाहिजेच, त्याशिवाय नुसत्या चांगल्या भावनांना काही अर्थ नाही. जोतिबांनी 1868 मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, पण त्यासाठी आधी हौद लागतो. तरी शेवटी हौदाचं काय होणार ते माणसांच्या सवयीच ठरवतात. आज बघ, शहरात गटारं आहेत, पंपिंग स्टेशनं आहेत, माणसाने हाताने मैला काढायला बंदी घालणारा 1993 चा कायदा आहे, 2013 चा आणखी कडक कायदा आहे, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, मशिनं पण मिळतात, आणि तरी चेंबरमध्ये माणूस उतरतो आणि गॅसने मरतो, आणि तो कुठल्या जातीतला असणार हे आपल्याला पेपर न वाचता माहिती असतं. गटार मोहेंजोदडोएवढं जुनं आणि त्यात कोण उतरणार हे ठरवणारं डोकं मनुस्मृतीएवढं जुनं. याला कुठलं स्मार्ट सिटीचं टेंडर पुरणार?

आता सईबद्दल. तू ते ऑनलाइन संस्कार वर्ग म्हणालास, श्लोक, सणांची माहिती, नऊवारी नेसून फोटो. जरूर लाव, श्लोक पाठ असले तर बिघडत काही नाही, उच्चार सुधारतात. पण तेवढंच दिलंस तर तिला संस्कृती म्हणजे एक गोड, स्वच्छ, आपलं आपलं म्हणून मिरवायचं काहीतरी वाटेल, आणि पोर हुशार आहे, पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिला जातीबद्दल कुठूनतरी कळणारच आहे, वर्गातला कुणी विचारेल, मग ती तुला विचारेल की बाबा हे तू का नाही सांगितलंस. त्यापेक्षा तूच सांग. वारीबद्दल सांगताना लाखो माणसं शिस्तीत चालतात, एकमेकांच्या पाया पडतात हे भरभरून सांग, ते खरंच आहे, मी आळंदी ते सासवड चाललोय, पाय सुजलेले असताना अनोळखी म्हातारीने तेल लावून चोळून दिले होते. आणि मग हेही सांग की पंढरपुरात चोखोबाची समाधी देवळाच्या बाहेर आहे, आणि त्याच देवळात अस्पृश्यांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य तोंडावर आलेलं असताना, 1 ते 10 तारखेपर्यंत उपोषण करावं लागलं. दोन्ही तिचंच आहे. अभंग पण तिचा, बंद दार पण तिचं, आणि गुरुजींचं उपोषण तर सगळ्यात जास्त तिचं.

आणि केरवोखंला तिला हाताशी घे. जिना तू एकटा उरकून टाकतोस ना घाईघाईत, तसं नको, तिला एक झाडू दे. शेजारच्या आजींना विचार की त्यांच्या लहानपणी पाळी चुकवली तर काय व्हायचं, जर्मन म्हाताऱ्या सांगतील भरपूर, तुझं जर्मन पण सुधारेल. वहिनींना सांग की मी भांडतोय ते तुझ्याशी, त्यांच्याशी नाही, त्यांनी सईला मराठी वाचायला शिकवलं हे फार मोठं काम केलंय, हे पत्र तिलाही वाचायला दे, काही शब्द अडले तर फोन कर म्हणावं काकाला.

डिसेंबरात येताय ते नक्की ना? माझं ठरलंय ते सांगतो, आधी दोन दिवस मामाकडे, मामी आहे अजून खमकी, बंधाऱ्यात पाणी असेल तेव्हा, आणि गावात एक जुना पाटकरी आहे, वय झालंय पण डोकं लख्ख आहे, कुठलं दारं कुणाचं ते अजून घडाघडा सांगतो, सईला त्याच्यासोबत पाटावरून चालू दे. मग पुण्याला येऊन 25 तारखेला महाड, ताम्हिणीतून जाऊ, गर्दी असेल तर गाडी लांब लावून चालत जाऊ. तिकिटाच्या तारखा कळव म्हणजे मी सुट्टी टाकतो, आमच्याकडे वर्षअखेरीला सुट्टीवरून मारामारी असते. आणि या पत्रातलं जे पटलं नाही ते लिही, फोनवर नको, लिहून पाठव, फोनवर तू लगेच "हो रे बरोबर आहे" म्हणून विषय बदलतोस.

तुझा,
राजू

ता.क. साक्रीकडे डिसेंबरात पहाटे भयंकर थंडी असते, तुला वाटेल जर्मनीतून आलोय काय होतंय, पण मामीच्या घरात हीटर नाही. सईचं जॅकेट सामानात नको टाकू, हातातच ठेव.